लहान सॉफ्टवेअर टीमसाठी फ्रेशर कसा निवडावा आणि तयार करावा

पाच-सात जणांच्या टीममध्ये फ्रेशर घ्यायचा असेल, तर जाहिरातीच्या आधी एक कागद घ्या आणि पहिल्या महिन्यात त्याला कोणती तीन कामे देणार ते लिहा. तीन कामे सुचली नाहीत तर भरती थांबवा. काम ठरलेले नसताना आलेला मुलगा पहिले दोन महिने ट्यूटोरियल बघण्यात घालवतो, आणि त्याचा उत्साह तिथेच संपतो.

चाचणी

‘लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोंदींची साखळी) उलटी करून दाखव’ या प्रश्नातून बहुतेक वेळा पाठांतर तेवढे कळते. नोकरीत मात्र बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात जातो, म्हणून तेच तपासा. दुकानाचे बिल बनवणारा ३००-४०० ओळींचा, चालणारा प्रोजेक्ट तयार ठेवा. त्यात मुद्दाम दोन बग (कोडमधल्या चुका) सोडा. एक सहज सापडणारा, जसे की संख्या शून्य टाकल्यावर येणारी एरर. दुसरा खोलातला: बिलावरची सवलत वजा करण्याआधीच जीएसटी लावलेला. यात प्रोग्रॅम बंद पडत नाही, फक्त कराची रक्कम चुकते. असा बग शोधणारा मुलगा आकडे हाताने पडताळून पाहतो, आणि ही सवय शिकवायला फार वेळ लागतो.

वेळ ९० मिनिटे द्या. इंटरनेट चालू ठेवा, एआयही वापरू द्या. शेवटची २० मिनिटे मात्र शेजारी बसा, एखादी अट बदला आणि ‘ही ओळ इथे का?’ असे विचारा. स्वतः न समजता उतरवलेला कोड इथे उघडा पडतो. घरी करायला दिलेली असाइनमेंट याच कारणाने कुचकामी ठरते, ती कोणी केली हे कळत नाही.

उत्तरे मराठीत किंवा हिंदीत देण्याची मुभा द्या. नांदेड-सांगलीकडून आलेली कितीतरी चांगली मुले केवळ इंग्रजीत अडखळल्यामुळे गाळली जातात, हे टीमचेच नुकसान आहे. क्लायंटशी बोलायचे काम असेल तर इंग्रजी वेगळे तपासा. मुलाखत दोघांनी घ्यावी. दोघांनी सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत आणि आपापले गुण लिहून झाल्यावरच एकमेकांशी बोलावे. आधी चर्चा झाली की सीनियरचे मत ज्युनियरच्या गुणांत उतरते.

पहिले दोन आठवडे

लॅपटॉप, ईमेल आणि रिपॉझिटरीचा (टीमचा सगळा कोड ठेवलेल्या जागेचा) ॲक्सेस रुजू होण्याच्या आदल्या दिवशी तयार हवा. पहिले काम: रीडमी (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) वाचून प्रोजेक्ट स्वतःच्या मशिनवर चालवणे, आणि जिथे अडले तिथे रीडमी दुरुस्त करणे. जुन्या लोकांना त्यातल्या त्रुटी दिसतच नाहीत. पहिल्या आठवड्यात एक छोटा बदल लाइव्ह, म्हणजे ग्राहक वापरतात त्या आवृत्तीत, जाऊ द्या, बटणावरचा मजकूर असला तरी चालेल. लाइव्ह डेटाबेसवर मात्र फक्त वाचण्याची परवानगी ठेवा.

शिकवायला एकच माणूस नेमा, रोज ठरलेला एक तास. त्याचे स्वतःचे काम तेवढे कमी करा. इथेच बहुतेक टीम चुकतात. डेडलाइन तशीच ठेवली की तो तास आठवडाभरात बंद पडतो. नव्याला नियम सांगा: ३० मिनिटे अडकलास तर विचार, विचारताना काय करून पाहिलेस ते सांग. त्याचा पुल रिक्वेस्ट (केलेला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याआधी तपासायला पाठवणे) २०० ओळींच्या आत असावा आणि रिव्ह्यू एका दिवसात व्हावा. मोठा पुल रिक्वेस्ट कोणी नीट वाचत नाही.

टिकवण्यासाठी

दर पंधरा दिवसांनी अर्धा तास एकट्याशी बोला. चूक अप्रेझलची वाट न पाहता त्याच आठवड्यात सांगा, पण चारचौघांत नको. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज टाळा. शनिवारी काम पडलेच तर न मागता कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) द्या. कोडच्या ओळी किंवा बंद केलेली तिकिटे (यादीत नोंदवलेली कामे) मोजू नका, लोक तिकिटांचे तुकडे पाडू लागतात. त्याने केलेले फीचर ग्राहक कसे वापरतो, हे मात्र त्याला एकदा डेमोत दाखवा.

आणि पगार. नव्या भरतीचा आकडा ठरवताना दोन वर्षे जुन्या माणसाचा पगार शेजारी ठेवून बघा. नवा वरचढ निघत असेल तर ऑफर लेटर जाण्याआधी जुन्याचा वाढवा. आकडे टीममध्ये कळतातच, आणि राजीनामा देतो तो बहुधा नव्याला रोज तासभर शिकवणाराच.