रबर ताणल्यावर त्याचा पृष्ठभाग बदलतो का, हे घरी कसं बघायचं

गेल्या पावसाळ्यात बारावीतल्या भाच्याला प्रोजेक्टसाठी विषय हवा होता तेव्हा आम्ही म्हापशात घरीच हा प्रयोग केला. रबराची पट्टी ताणायची, तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि थेंब किती पसरतो ते त्याच्या कोनावरून (थेंबाची कड रबराशी जो कोन करते तो) मोजायचं, एवढंच. पहिल्याच दिवशी ताणलेल्या आणि न ताणलेल्या रबरात जवळजवळ 20 अंशांचा फरक आला आणि आम्ही खूश झालो, पण तो फरक रबराचा नव्हताच, पट्टीवरच्या पावडरचा होता. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी यामागचं थोडं समजून घ्या. पाण्याचा पृष्ठभाग वाढवला की आतले रेणू वर येतात आणि नवीन पृष्ठभाग अगदी जुन्यासारखाच असतो. घन पदार्थ ताणला तर वरचे अणू तेवढेच राहतात, फक्त एकमेकांपासून लांब जातात, म्हणजे पृष्ठभाग तयार करायला दर चौरस सेंटीमीटरला लागणारी ऊर्जा बदलू शकते. द्रव आणि घन यांच्यातला हा फरक अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्जने 1870 च्या दशकातच ओळखला होता आणि शटलवर्थ या भौतिकशास्त्रज्ञाने 1950 साली त्याचं समीकरण मांडलं. थेंबाचा कोन त्या ऊर्जेवर अवलंबून असतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने 1805 सालीच सांगितलं होतं. म्हणजे कोन मोजला की पृष्ठभागाच्या स्वभावाचा अंदाज येतो, पण पृष्ठभाग स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तरच, आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

सामान: व्यायामाचा चपटा लेटेक्स बँड (स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो), बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, फार्मसीतून इन्सुलिनची सिरिंज, लाकडी फळी, क्लिपा, टॉर्च आणि मोबाईल. हातमोजा कापून वापरू नका, बिनपावडरच्या हातमोज्यांवर बऱ्याचदा वेगळी प्रक्रिया केलेली असते, रबर ताणलं की तो वरचा थर तडकू शकतो आणि मग तुम्ही त्या थराचीच मोजणी करत बसता. सिरिंज घेताना लेबल बघा, 100 युनिटवाली असेल तर एक युनिट म्हणजे 10 मायक्रोलिटर, आपल्याकडे 40 वालीही मिळते, तिचं एक युनिट 25 होतं. 10 मायक्रोलिटर बरोबर आहे, त्याहून फार मोठा थेंब घेतलात तर तो स्वतःच्या वजनानेच चपटा होतो आणि कोन चुकतो.

बँडची 10 सेमी लांब, 2 सेमी रुंद पट्टी कापा. साबणाने धुवा, मग नळाच्या पाण्याने खूप वेळ धुवा कारण साबण जरा जरी राहिला तरी थेंब पसरतो, शेवटी डिस्टिल्ड वॉटर घाला आणि न पुसता उभी टांगून वाळवा. बोट लावू नका. आणि हे सगळं स्वयंपाकघरात अजिबात करू नका, बांगडे तळले की तेलाचा अतिसूक्ष्म थर सगळीकडे बसतो, डोळ्यांना दिसत नाही पण थेंबाला बरोबर कळतो. आम्ही शेवटी आतल्या खोलीत, पंखा बंद करून केलं. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे थेंब लवकर सुकत नाही ते एक बरंच आहे, मे महिन्यात मात्र घाई करावी लागेल.

पट्टीच्या मधोमध बॉलपेनने 2 सेमीचा चौकोन काढा (आत थेंब ठेवायचाय, तिथे शाई नको). आता पट्टी दुप्पट ताणून फळीवर क्लिपांनी पक्की करा. चौकोन 4 सेमी लांब होतो पण रुंदी घटून साधारण 1.4 सेमीवर येते, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट न होता 1.4 पटच होतं, कारण रबराचं आकारमान बदलत नाही. हे मोजून बघाच, फार छान कळतं. क्लिपांजवळ ताण वाकडातिकडा असतो म्हणून मोजणी मध्यावरच. झटकन ताणलेलं रबर थोडं गरम होतं, ओठाला लावलं तर कळतं, इंग्लंडमधल्या जॉन गॉफ या अभ्यासकाने हे 1805 मध्ये असंच ओठांनी तपासून नोंदवलं होतं आणि तो तर अंध होता. (ओठाला लावायला वेगळा तुकडा घ्या.) त्यामुळे ताणल्यावर एक-दोन मिनिटं थांबा.

थेंब ताणल्यानंतर ठेवायचा. आधी ठेवून मग ताणलात तर थेंबाची कड रबराला चिकटून त्याच्याबरोबर ओढली जाते आणि चुकीचा कोन मिळतो. मागे पांढरा कागद, त्यामागे टॉर्च, मोबाईल थेंबाच्या अगदी समपातळीत, आणि फोटो. फोटोत थेंबाची उंची आणि पायाची रुंदी मोजा, मिलिमीटरची गरज नाही, गुणोत्तरच लागतं: उंचीची दुप्पट भागिले रुंदी, त्याचा व्यस्त टॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹) अंशांमध्ये काढा, आलेला कोन दुप्पट करा. उंची रुंदीच्या बरोब्बर निम्मी असेल तर 90 अंश. न ताणलेल्यावर निदान दहा थेंब, ताणलेल्यावर दहा, दर वेळी कोरी जागा.

आमच्याकडे धुतलेल्या पट्टीवर फरक थेंबाथेंबातल्या फरकाएवढाच आला, म्हणजे दिसण्यासारखा काहीच नाही. भाचा हिरमुसला, पण हेच खरं उत्तर आहे! रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या सूक्ष्म पातळीवर द्रवासारख्या हलत्या असतात, ताणलं तरी वरचा भाग जवळपास आधीसारखाच राहतो. 2018 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या आणि पॅरिसच्या संशोधकांनी हेच मोजलं, रबरासारख्या पदार्थांवर कोन बदलला नाही, काचेसारख्या कडक प्लास्टिकवर बदलला. त्याच्या आदल्या वर्षी सिलिकोनच्या मऊ जेलवर मात्र ताणल्यावर पृष्ठभागाचा ताण वाढलेला मोजला गेला होता, म्हणजे विषय अजून संपलेला नाही.

मुद्दाम फरक बघायचा असेल तर दुसऱ्या पट्टीवर नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि मग ताणा. ताणाच्या दिशेला आडव्या भेगा पडतात आणि थेंब त्या भेगांच्या दिशेने लांबट होतो. उलट करून बघा: आधी ताणा, मग थर द्या, वाळल्यावर हळू सोडा, आता सुरकुत्या येतील, त्याही आडव्याच. प्लंबरची टेफ्लॉन टेपही हळूहळू ताणून बघा, ती तंतू-तंतू होते आणि थेंब आणखी गोल होऊन बसतो. या तिन्हींमध्ये बदलतो तो पृष्ठभागाचा खडबडीतपणा, म्हणून वहीत कोनाशेजारी भिंगातून काय दिसलं तेही लिहा, भेगा, सुरकुत्या, तंतू, पावडर, जे असेल ते, नाहीतर महिन्याभराने नुसत्या आकड्यांवरून कशामुळे फरक आला ते सांगता येत नाही.