उभा साग पारखताना: बुडाशी बसून पाहा

शेतातील मालकीच्या सागाचा सौदा पुष्कळदा झाडे उभी असतानाच ठरतो आणि परवानगी मिळून प्रत्यक्ष तोड होईपर्यंत आतले लाकूड कोणीही पाहिलेले नसते. मी या कामात आलो तेव्हा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३७ मीटरवरचा घेर घेणे मला येत होते. घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी हा हिशेबही पाठ होता. मधला घेर १२० सेंटिमीटर असलेला ४ मीटरचा ओंडका ०.३६ घनमीटर भरतो, हे मी झोपेतही सांगितले असते. मात्र हे माप झाड आतून भरीव असेल तरच खरे असते, याचा मी विचारच केला नव्हता.

पहिल्या मोठ्या सौद्यातले सर्वांत देखणे झाड मला अजून आठवते. खोड सरळ, पहिली फांदी खूप वर, साल निरोगी. छातीच्या उंचीवर कुऱ्हाडीची पाठ मारली, तर खणखणीत आवाज आला आणि त्या आवाजावर मी भाव ठरवला. झाड पडले तेव्हा बुडाशी मूठ सहज आत जाईल एवढी पोकळी होती आणि भोवती भुसभुशीत तपकिरी कडे होते. खालचे तीन फूट कापून टाकावे लागले आणि नेमका तोच भाग सर्वांत जाड होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते झाड जुन्या खुंटाच्या फुटव्यापासून वाढलेले होते. सागाच्या खुंटाला फुटवे जोमाने येतात, पण कुजणारा खुंट फुटव्याच्या बुडाला चिकटून राहतो आणि ती कूज हळूहळू नव्या झाडाच्या गाभ्यात शिरते. बाहेरची खूण पालापाचोळ्याखाली झाकलेली होती: जमिनीलगत खोड विळ्यासारखे वाकून मग सरळ झाले होते, एक बाजू फुगीर होती आणि हातभर अंतरावर त्याच खुंटाचे दुसरे झाड उभे होते. म्हणून पाला बाजूला सारून गुडघ्यांवर बसा. जमिनीपासून वीतभर, मग गुडघ्याइतक्या, कमरेइतक्या आणि छातीइतक्या उंचीवर चारही बाजूंनी ठोकून पाहा आणि आवाज कोठे बद्द होतो ते ऐका. सुरुवातीची कूज आवाजातूनही कळत नाही, हेही लक्षात असू द्या. तरीही फुटव्याचे प्रत्येक झाड नाकारू नका. लहान खुंटाच्या अगदी बुडातून, जमिनीलगत फुटलेले झाड बरेचदा चांगले निघते.

बाकीच्या खुणा सरावाने लवकर दिसू लागतात. सालीच्या भेगा खोडाभोवती तिरप्या चढत असतील, तर लाकडाला पीळ आहे आणि फळ्या वाळताना वळतील. सालीवरची सुरकुतलेली फुगवटी ही गाडल्या गेलेल्या फांदीची गाठ असते; बांधावरच्या मोकळ्या झाडांत अशा गाठी जास्त. उतारावर पाला चढाच्या बाजूला साचतो, म्हणून वणव्याची जखम त्याच बाजूला शोधावी. बुंध्याला खोल पन्हळी असतील तर टेप त्यांच्यावरून जाते आणि तुम्ही हवेचेही पैसे देता. कोवळ्या झाडात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा असतो आणि त्याला कीड लवकर लागते.

नुसता घेर पाहून आकडा सांगणाऱ्या मध्यस्थाच्या मागे फिरून ही पारख येत नाही, असे माझे ठाम मत आहे. मला खरे शिक्षण आरागिरणीतल्या एका वयस्क मिस्त्रींकडून मिळाले. उभे असताना पाहिलेला ओंडका करवतीखाली जाताना शेजारी उभे राहायचे, एवढीच त्यांची शिकवण होती. शक्य असेल तर बल्लारशाहसारख्या वनखात्याच्या डेपोत लिलावाआधी दोन दिवस जा. तेथे ओंडक्याची दोन्ही तोंडे उघडी असतात. आधी अंगावरची गाठ, पीळ आणि फुगवटा पाहून आत काय असेल ते वहीत लिहा आणि मगच तोंडाशी जाऊन पाहा.