ग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे? पावसाळ्यात या चुका टाळा

आषाढ-श्रावणात कोकणात वळणीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. कंबरपट्टीत ओल तशीच राहते आणि तेच कपडे अंगावर चढतात. एरवी त्याने फार तर खाज सुटते. पण मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन किंवा रेमोग्लिफ्लोझिन चालू असेल, तर या ओलीकडे काणाडोळा करू नये.

ही गोळी मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाही. मूत्रपिंड धडधाकट असेल तर दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम, म्हणजे चहाचे 12 ते 16 चमचे साखर लघवीवाटे बाहेर पडते. रक्तातली साखर उतरते ती अशी. पण लघवीचे चार थेंब जिथे राहतात तिथे बुरशीची मेजवानी सुरू होते. (लघवीच्या तपासणीत साखर 'तीन प्लस' आली म्हणून घाबरू नका. या गोळीवर ती येणारच.)

आपण ही गोळी घेतो हेच माहीत नसणं

2020 मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्यांचा पूर आला. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांच्याबरोबर एकाच गोळीत ती मिसळलेली असते. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. शेवट 'ग्लिफ्लोझिन' असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हृदयाचे डॉक्टरही ती देतात, मधुमेह नसला तरी. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांची एक आणि शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांची एक अशी तीच गोळी दोनदा पोटात जाऊ शकते. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा.

खाजेवर दुकानातली ट्यूब

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पुरुषांत शिश्नाच्या टोकावर लाली, पांढरट थर, कातडीला चिरा. बायकांत खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव. ही बुरशी असते, आणि लाजेपायी डॉक्टरांकडे न जाता 'खाजेची ट्यूब' आणली जाते. अशा कित्येक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि नाजूक कातडी पातळ होते. क्लोट्रिमाझोल एकटंच असलेली क्रीम वेगळी आणि ही मिश्रणं वेगळी.

फ्लुकोनाझोलची गोळीही मनाने घेऊ नका. सोबत ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी दुसरी गोळी) चालू असेल तर फ्लुकोनाझोलने त्याचा जोर वाढतो आणि साखर एकदम खाली येऊ शकते.

रोजचं काम साधं आहे: प्रत्येक लघवीनंतर साध्या पाण्याने धुणं, टिपून कोरडं करणं, सुती कपडे. लावणीहून आल्यावर चहा नंतर, आधी ओले कपडे बदलायचे. सुगंधी साबण आणि डेटॉल तिथे नको.

गाडीत जावं लागेल म्हणून पाणी न पिणं

गुहागर-मुंबई एसटीचा प्रवास असला की अनेक बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. या गोळीवर शरीरातलं पाणी आधीच जास्त जातं. लघवी अडवून ठेवली की जंतूंना मुक्काम मिळतो. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं एकत्र आलं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) या गोळ्यांच्या माहितीपत्रकात हा इशारा 2015 मध्येच घालायला लावला.

'बेंड आहे, पिकेल' म्हणून थांबणं

क्वचित होणारी, पण जीव घेणारी गोष्ट म्हणजे फूर्निए गँगरीन. जननेंद्रियापासून गुदद्वारापर्यंतच्या भागात कातडीखालचं मांस झपाट्याने सडतं. एफडीएने 2018 मध्ये याबद्दल सावध केलं. मार्च 2013 ते जानेवारी 2019 या काळात तिच्याकडे या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या 55 जणांची नोंद झाली: 39 पुरुष, 16 बायका. तिघे दगावले. लाखोंच्या मानाने आकडा छोटा आहे, पण बायकांना हे होत नाही हा समज त्यातून खोटा ठरतो.

सुरुवातीला दिसतं थोडं आणि दुखतं फार. हीच खूण. वृषणाची पिशवी, योनीचे ओठ किंवा गुदद्वाराजवळ सूज, लाली, हात लावू न देणारी वेदना, सोबत 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप किंवा एकदम गळून जाणं. पुढे कातडी जांभळी-काळी पडते, दाबल्यावर कुरकुर लागते. मग वेदना कमी होते आणि घरचे म्हणतात, 'उतार पडला.' उतार नाही, तिथल्या नसा मेलेल्या असतात.

पोटीस, हळदीचा लेप, ब्लेडने चीर देणं, दोन दिवस अँटिबायोटिक घेऊन वाट पाहणं, यातलं काहीही नको. लालीच्या कडेने पेनने रेघ मारा, वेळ लिहा आणि निघा. डॉक्टरांना पसरण्याचा वेग कळतो. जिथे सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर रात्रीही मिळेल तिथेच जायचं. 108 ला फोन करतानाच ते विचारा. सलाईन लावून सकाळपर्यंत थांबवणारा दवाखाना इथे कामाचा नाही, कारण मेलेलं मांस कापून काढणं हाच मुख्य उपचार आहे. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. गोळी लगेच बंद होते.

आजारपणात आणि निर्जळी उपासातही गोळी चालू ठेवणं

ताप, उलट्या, जुलाब, पोटात अन्न नाही, किंवा हरतालिकेचा निर्जळी उपास, अशा वेळी ही गोळी घेतली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचतात. साखर 250 च्या खाली असूनही कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आंबट होणं, जिवावर बेतणारी अवस्था) होऊ शकतो, म्हणून ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवू नका. मळमळ, पोटदुखी, जोरात चालणारा श्वास दिसला तर रुग्णालयात कीटोन तपासायला सांगा. ठरलेल्या ऑपरेशनआधी ही गोळी किमान 3 दिवस बंद करतात. तारीख ठरताच सर्जनना सांगा. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने थांबवायचं नाही. आजारपणात मिठाची पेज घोट घोट घेत राहा, आणि नेहमीचं जेवण-पाणी 24 ते 48 तास नीट गेल्यावर डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू करा.