सेन्सरवरचं सोनं सुटत होतं, ते असं टिकवलं

सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनं ओळखणारा एसपीआर (सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स) सेन्सर आहे: प्रिझमवर काच, तिच्यावर साधारण ५० नॅनोमीटर सोन्याचा थर. सोन्यालगतच्या द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती वाकतो ते) बदलला की सिग्नल सरकतो; प्रथिन चिकटलं की तेच होतं. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) वाहू लागला की कडा सुटायच्या, आणि प्रथिन नसतानाही सिग्नल सरकायचा.

सोनं काचेला मुळात नीट धरतच नाही. मधे क्रोमियम देतात, पण ते प्रकाश शोषतं आणि तापवल्यावर सोन्यात झिरपतं. म्हणून मी मरकॅप्टोसिलेन वापरलं. त्याचं एक टोक काचेशी जोडलं जातं, दुसऱ्या टोकाचं गंधक सोन्याला घट्ट पकडतं. काच मात्र अगदी निर्मळ हवी. धुण्यात घाई चालत नाही. कडा सुटणं थांबलं.

सरकणं उरलंच. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पाण्याचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००१ने उतरतो. विरळ नमुन्यातलं प्रथिन एवढ्यात सहज बुडतं. फ्लो सेलला (द्रव वाहतो त्या कप्प्याला) पेल्टिअर (विजेवर गरम-थंड करणारी पट्टी) लावून तापमान बांधलं, बफरमधली हवा आधीच पंपाने काढली, शेजारच्या वाटेने नुसतं बफर सोडून त्याचं वाचन वजा केलं. आता बेसलाइन (प्रथिन नसतानाचा सिग्नल) सपाट येते.

चांदीचा सिग्नल जास्त टोकदार, पण ती काळवंडते. रोजच्या कामाला मी सोनंच घेईन.