सिएटलजवळ पिंक सॅल्मन पकडायला जायचंय? आधी ऑनलाइन हे तपासा

सुट्टी टाकण्याआधी वर्ष बघा. पिंक सॅल्मन या माशाचं आयुष्य दोन वर्षांचं असतं आणि प्यूजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटललगतच्या खाडीत, त्याची मोठी झुंड विषम वर्षांतच येते: 2023, 2025, पुढची 2027. किनाऱ्यावरून पकडायचा तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा, नदीत सप्टेंबर.

बहुतेक जण मासे कुठे लागतायत ते आधी शोधतात. सुरुवात नियमांपासून करा. वॉशिंग्टनच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर परवाना मिळतो. तो 1 एप्रिल ते 31 मार्च चालतो. 15 वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण पकडलेल्या सॅल्मनच्या नोंदीचं कार्ड त्यांनाही लागतं. मग ‘फिश वॉशिंग्टन’ ॲपमध्ये तुमचा मरीन एरिया, म्हणजे मासेमारीसाठी आखलेला क्रमांकाचा सागरी विभाग, उघडा. सिएटलचं लिंकन पार्क 10 मध्ये येतं, पॉइंट नो पॉइंट 9 मध्ये. हद्द ओलांडली की किती मासे ठेवता येतात ती मर्यादाही बदलू शकते. समुद्रात सॅल्मनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ चालतो. असलेला काटा पक्कडीने दाबून टाका.

त्यानंतर मत्स्य विभागाचा प्यूजेट साउंडचा क्रील अहवाल बघा, म्हणजे मासे पकडणाऱ्यांच्या मुलाखतींवरून केलेली पकडीची नोंद. नुसता माशांचा आकडा फसवतो. 40 जणांनी 30 मासे पकडले तर माणशी पाऊण मासा, हे प्रमाण रोजच्या रोज चढतंय की उतरतंय ते बघायचं. यातल्या बहुतेक मुलाखती बोटींच्या धक्क्यावरच्या असतात. किनाऱ्यावर उभं राहणाऱ्याने अपेक्षा त्याहून कमीच ठेवावी.

भरती-ओहोटीसाठी नोआचं (अमेरिकेच्या सागर व हवामान संस्थेचं) पान. सिएटलचं केंद्र 9447130, पण तुमच्या किनाऱ्याजवळचं केंद्र असेल तर तेच घ्या. वेळेच्या रकान्यात जीएमटी निवडलं गेलं तर ऑगस्टमध्ये सात तासांचा घोळ होतो. पाणी फिरण्याची वेळ आणि पहाटेचा उजेड जुळतो तो दिवस उत्तम. शिवाय वाऱ्याचा सागरी अंदाज बघा. समोरून वारा असेल तर हलका गळ लांब जातच नाही.

नदीवर जाणार असाल तर यूएसजीएसचा (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा) प्रवाहाचा आलेख लागेल. स्कायकोमिश नदीसाठी गोल्ड बार गावाजवळचं केंद्र 12134500. पावसाने रेघ उभी चढली असेल तर ती उतरून पाणी निवळेपर्यंत थांबा. पुयालप नदीचं गणित उलटं: ती माउंट रेनियरच्या हिमनद्यांतून येते, त्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांत, पाऊस नसतानाही, दुधाळ गढूळ होते. गढूळ पाण्यात माशाला गळ दिसत नाही.

निघायच्या आदल्या रात्री विभागाचं आपत्कालीन नियमांचं पान पुन्हा उघडा. हंगाम मध्येच बंद होतो, आणि छापील पुस्तिकेपेक्षा हा आदेश वरचढ असतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये जतन करा. सोबत माशांच्या ओळखीचं चित्रही घ्या. पिंकच्या शेपटीच्या दोन्ही पात्यांवर मोठे लंबगोल ठिपके असतात. लहान चिनूकला (सॅल्मनचीच दुसरी जात) पिंक समजून ठेवलं तर दंड होऊ शकतो. कागदी कार्ड असेल तर शाईचं पेन न्या, कारण मासा ठेवला की नोंद तिथल्या तिथे करावी लागते.