शेडमधली मॉरिस मायनर घेताना

मॉरिस मायनरसारखी जुनी विलायती गाडी जाहिरातीत शोधू नका. खानदेशात अमळनेर, चोपडा, पारोळ्याकडच्या जुन्या जिनिंगवाल्यांच्या, डॉक्टर-वकिलांच्या वाड्यांमागे डोकवा. पहिल्या भेटीत 'इकनी नही शे, भाऊ' (विकायची नाही) हेच ऐकाल. चहा प्या, कापसाच्या भावावर बोला, परत जा. मला तिसऱ्या खेपेला होकार मिळाला.

बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारायचा नाही. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हँडलने हळू फिरवा. फिरलं तर टाकीतलं चिकट झालेलं पेट्रोल आधी उपसा. १९५६ पासूनचं ९४८ सीसीचं इंजिन तसं दणकट.

आपली हवा कोरडी, पत्रा टिकतो. पण शेडमध्ये युरियाची पोती दिसली तर सावध, युरिया पत्रा खातो! माझ्या गाडीला तीन टेकवलेली होती. वरून रंग झकास, मॅट उचलली तर स्क्रूड्रायव्हर आरपार. पुढच्या चाकाचा खालचा ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, हलवून बघाच. तो निसटला की चाक आडवं.

आरसी बुक बहुधा आजोबांच्या नावावर. चॅसिस नंबर स्वतः ताडा. आधी सगळ्या वारसांच्या सह्या, मग पैसे. माझ्या वेळी एक आत्या रुसलेली होती, सात महिने गेले.