फॅटवरून म्हैस ओळखू नका

कोल्हापूरकडच्या एका गावात दूध संस्थेनं एका बाईंचं म्हशीचं दूध गाईच्या दरानं धरलं होतं. कारण एवढंच, की फॅट (दुधातला स्निग्धांश) 4.8 टक्के, म्हणजे म्हशीच्या मानानं कमी लागली. मी तेव्हा प्रयोगशाळेत दूध तपासत असे. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन समोर धार काढून घेतली. म्हैस पंढरपुरी, नुकतीच व्यालेली. शेवटची धार बाई रेडकासाठी सोडत होत्या. फॅट जास्त असते ती नेमकी त्याच शेवटच्या धारेत! तेव्हापासून नव्या पोरांना मी पहिल्यांदा हेच शिकवते: फॅटचा आकडा दर ठरवायला ठीक आहे, जनावर ओळखायला नाही.

मग ओळखायचं कसं? आधी तीन नमुने घ्या. एक स्वतः उभं राहून काढलेल्या गाईच्या दुधाचा, एक तसाच म्हशीच्या दुधाचा आणि तिसरा शंकेचा. तिन्हींवर एकाच दिवशी, एकाच हातानं काम करा. शेजारी खात्रीचा नमुना नसेल तर निकाल लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिली तपासणी रंगाची. गाय चाऱ्यातलं कॅरोटीन, म्हणजे पिवळा रंग देणारं द्रव्य, दुधाच्या स्निग्धांशात उतरवते. म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. शेळीचंही तसंच. साय काढून मंद आचेवर कढवा आणि पातळ तूप कोरडं गाळून घ्या. 5 ग्रॅम तूप पेट्रोलियम ईथरमध्ये विरघळवून 25 मिलि करा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावणात प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) 450 नॅनोमीटरच्या आसपास वाचा. ईथर चटकन पेट घेतं, त्यामुळे जवळ शेगडी, बर्नर काही नको. तूप उन्हातही ठेवू नका, कॅरोटीन उडतं. म्हशीचं वाचन शून्याजवळ राहतं, गाईचं स्पष्ट वर जातं. मात्र उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावरच्या गाईचं तूपही फिकं निघतं. म्हणून खात्रीची गाय त्याच गावातली, तोच चारा खाणारी निवडा.

गाईच्या दुधात म्हशीचं मिसळलंय का, हे पाहायला हंसा चाचणी आहे. म्हशीच्या दुधातली प्रथिनं ओळखणारा प्रतिसीरम त्यासाठी मिळतो. दूध पाण्यानं दहापट पातळ करा. काचपट्टीवर त्याचा एक थेंब, प्रतिसीरमचा एक थेंब, काचकांडीनं ढवळा. अर्ध्या मिनिटात दह्यासारखे कण दिसले तर म्हशीचं दूध आहे. दूध गुळगुळीत राहिलं तर नाही. एवढी सोपी तपासणी आहे, पण प्रतिसीरम थंड जागी जपावा लागतो.

उलट बाजू अवघड. म्हशीच्या दुधात साय काढलेलं गाईचं दूध घातलं तर कॅरोटीन जवळजवळ येतच नाही आणि रंगाची तपासणी फसते. तिथं प्रथिनांकडेच वळावं लागतं. सामू (pH) 4.6 वर केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, साकळवायचं, धुवायचं, त्यावर प्लाझ्मिन हे विकर (एन्झाइम) चालवायचं आणि तयार झालेले तुकडे, म्हणजे गॅमा केसीनं, जेलवर विजेच्या दाबाखाली वेगळी करायची. गाईचे आणि म्हशीचे पट्टे वेगळ्या जागी थांबतात. युरोपात म्हशीच्या दुधाच्या चीजमध्ये गाईचं दूध शोधायला हीच पद्धत प्रमाण मानतात आणि शेजारी 1 टक्का गाईचं दूध असलेला नमुना चालवतात. गावच्या केंद्रावर हे होणार नाही. शंकेचा नमुना सील करून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा.

शेळीचं दूध मेदाम्लांवरून कळतं. गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मेदाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, कॅप्रिक या मेदाम्लाचा उंचवटा गाईच्या कितीतरी वर जातो. रायकर्ट-माइसल आकड्यावर (तुपातल्या उडून जाणाऱ्या मेदाम्लांचं माप) मात्र गाय-म्हैस ठरवू नका, दोघींचे आकडे एकमेकांत मिसळतात.

त्या बाईंचं तूप म्हशीच्या खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवलं, तसंच पांढरं निघालं. संस्थेनं मागच्या तीन बिलांचा फरक त्यांना दिला.